पहिल्या दिवशी पाणी आपल्या बाजूचं हवं

(पॉडकास्टच्या ताज्या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी भाषा आहे तशीच ठेवली आहे.)

मागच्या भागात सांगितलं होतं की मी आणि माझा मामेभाऊ मिळून एक बोट घेतोय. तर घेतली. अठरा फुटी फायबरची सेकंडहँड बोट आणि तिला मागे २५ हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड मशीन. नाव बदलाची कागदपत्रं, सागरी मंडळाकडची नोंदणी वगैरे सगळं झाल्यावर डिसेंबरमध्ये आम्ही ती पहिल्यांदा पाण्यात घेऊन गेलो आणि पहिल्याच दिवशी बऱ्यापैकी तंतरली. पण आज नुसता किस्सा सांगायचा नाहीये. पहिल्यांदा बोट बाहेर काढताना नक्की काय बघायचं आणि का, ते नीट समजावून सांगायचा प्रयत्न करतो.

आधी जागा समजून घेऊ

माझं आजोळ देवबागला. मालवणच्या दक्षिणेला तारकर्ली, आणि तारकर्लीच्या पुढे देवबाग. गावाचा आकार गमतीशीर आहे. एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदीची खाडी आणि मध्ये माडांची चिंचोळी पट्टी. पट्टी संपते तिथे खाडी समुद्राला मिळते. त्याला सगळे संगम म्हणतात. पर्यटकांना बोटीतून तिथेच नेतात.

आमची बोट खाडीच्या बाजूला, मामाच्या घरामागच्या छोट्या धक्क्याला. तिथून संगम समुद्राच्या दिशेला, म्हणजे ओहोटीचं पाणी वाहतं त्या दिशेला. हे लक्षात ठेवा, पुढे सगळं यावरच आहे.

त्या दिवशी काय झालं

प्लॅन साधा होता. दुपारी निघायचं, संगमावर सूर्यास्त बघायचा, परत यायचं. जेवण झालं, फोटो झाले, नारळ फोडला आणि निघायला साडेचार वाजले. त्या दिवशी पूर्ण भरती दोनच्या सुमारास होऊन गेली होती. हे मला माहीत होतं का? मोबाइलवर बघितलं होतं. त्याचा अर्थ काय होतो, तो विचार केला नव्हता. ऑफिसात शुक्रवारी संध्याकाळी रिलीज करायचं नाही एवढी अक्कल मला आहे, पण इथे मी नेमकं तेच करत होतो.

मशीन झकास चाललं. खाडीत वीसेक मिनिटं इकडेतिकडे फिरलो, मग संगमाकडे वळलो. पाचच्या सुमारास मशीनने धापा टाकल्यासारखा आवाज केला आणि बंद पडलं. दोरी ओढली, परत चालू झालं, अर्ध्या मिनिटात परत बंद. पेट्रोलच्या नळीवरचा रबरी बल्ब दाबायला गेलो तर तो चपटा होऊन तसाच राहिलेला.

पहिली दोन-तीन मिनिटं आम्ही दोघेही मशीनवर वाकलेलो. मान वर केली तेव्हा किनाऱ्यावरची झाडं सरकत होती. आवाज नाही, लाटा नाही, काहीच जाणवत नव्हतं, पण पाणी आम्हाला माणूस भरभर चालतो त्या वेगाने समुद्राकडे नेत होतं. ताशी पाच किलोमीटर धरले तर मिनिटाला ऐंशी मीटर. आणि पुढे संगमाच्या तोंडाशी पांढऱ्या लाटा फुटताना दिसत होत्या.

मामाला फोन लावला. मामाने आयुष्यभर तांडेलकी केली आहे. मी मशीनबद्दल सांगायला लागलो, तर त्याने मला तोडलंच.

"झिला, आधी नांगर टाक. मशीन मगे बघ."

नांगर टाकला. दोर होता दहा मीटर. नांगर तळाला टेकला, पण धरेना, बोट त्याला ओढतच चालली. मग बोट बांधायचा दुसरा दोर त्याला जोडला आणि सोडत गेलो. शेवटी एक हिसका बसला आणि झाडं सरकायची थांबली. त्यानंतर मामाने विचारलं, "टाकीच्या झाकणावरचो स्क्रू खोललंस?"

नव्हता खोलला. खोलल्यावर टाकीने 'फुस्स' करून हवा आत घेतली, बल्ब दाबल्यावर कडक झाला आणि दुसऱ्या ओढीला मशीन चालू. एवढंच झालं होतं.

स्क्रूची भानगड

बाहेर ठेवायच्या पेट्रोलच्या टाकीला झाकणावर एक छोटा स्क्रू असतो, हवेसाठी. मशीन पेट्रोल ओढतं, तेवढी हवा आत यायला हवी. स्क्रू बंद असेल तर टाकीत पोकळी तयार होत जाते आणि एका क्षणी पंपाला पेट्रोल ओढता येत नाही. टाकी ने-आण करताना पेट्रोल सांडू नये म्हणून हा स्क्रू बंद करतात. आम्हीही आदल्या दिवशी केला होता, पण उघडायचा राहिला.

यात फसवं काय, तर मशीन लगेच बंद पडत नाही. टाकी अर्धी रिकामी असेल तर आतल्या हवेवर बराच वेळ काम चालतं. म्हणजे धक्क्यावर पाच मिनिटं चालवून बघितलं तरी सगळं ठीकच वाटणार. चालतंय म्हणजे बरोबर आहे, असं नाही.

पण खरी चूक स्क्रूची नव्हती

हे मला त्या रात्री जेवताना समजलं. मामा स्क्रूबद्दल एक शब्द बोलला नाही. तो एवढंच म्हणाला, "सुकतीक संगमार कित्या गेलंस?" सुकती म्हणजे ओहोटी.

त्याचं म्हणणं असं, की नवीन बोट, नवीन माणूस, काहीतरी राहणारच. आज स्क्रू राहिला, उद्या दुसरं काही. त्यामुळे काही राहिलं तरी पाणी तुम्हाला घरी आणेल, अशी वेळ निवडायची. माझ्या मते पहिल्या फेरीचा हाच एक नियम आहे: जाताना पाण्याच्या विरुद्ध, येताना पाण्याबरोबर.

आमच्या बाबतीत उलटं होतं. ओहोटी चालू आणि आम्ही ओहोटीच्याच दिशेने निघालेलो. मशीन बंद पडलं की मुक्काम थेट अरबी समुद्र. हेच भरती चढत असताना संगमाकडे गेलो असतो, तर बंद मशीनसकट पाण्याने आम्हाला मामाच्या धक्क्याकडे ढकललं असतं.

दुसरं कारण वाळूचं. खाडीत वाळूचे पट्टे असतात आणि ते जागा बदलतात. चढत्या पाण्यात बोट वाळूत रुतली तर थोडा वेळ थांबा, पाणीच उचलून देतं. उतरत्या पाण्यात रुतली तर पुढची भरती येईपर्यंत, म्हणजे कित्येक तास, तिथेच बसा.

तिसरं कारण संगमाचं. खाडीच्या तोंडाशी वाळूचा उथळ दांडा असतो. ओहोटीचं पाणी जोरात बाहेर येतं, समोरून समुद्राच्या लाटा आत येतात. दोघांची टक्कर झाली की लाटा आखूड आणि उभ्या होतात, आणि उथळ पाण्यात फुटतात. बंद मशीनची बोट तिथे आडवी झाली तर उलटायला एक लाट पुरते. आम्ही जिथे नांगरलो तिथून ते तोंड फार लांब नव्हतं.

भरतीचं गणित

दोन भरत्यांमध्ये साधारण साडेबारा तास, म्हणून भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते. आपल्याकडे याचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. द्वादशीला नऊ, पौर्णिमेला सव्वाअकरा. आम्ही गेलो तेव्हा वद्य तृतीया होती, म्हणजे सव्वादोन. हा अंदाज आहे हं. जागेप्रमाणे वेळ बदलते. मुंबईपेक्षा मालवणला भरती आधी येते, आणि खाडीत आत जाल तशी उशिरा. निघायच्या दिवशी भरतीचं कोष्टक बघायचंच. पण आकाशाकडे किंवा कॅलेंडरकडे बघून दिवसाचा अंदाज यायला हा हिशेब मस्त आहे.

पाणी एकसारखं उतरत नाही, हेही महत्त्वाचं. एकूण उताराचे बारा भाग केले, तर सहा तासांत ते साधारण १, २, ३, ३, २, १ असे उतरतात. समजा फरक दोन मीटरचा आहे. मग पहिल्या तासात पाणी जेमतेम सतरा सेंटिमीटर उतरतं, पण तिसऱ्या आणि चौथ्या तासात प्रत्येकी अर्धा मीटर. प्रवाहही तेव्हाच सगळ्यात जोरात असतो. दोनला भरती, पाचला आम्ही बंद पडलो. म्हणजे बरोब्बर मध्यावर, सगळ्यात वाईट वेळी.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, फरक मोठा आणि ओढ जास्त. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी, ओढ कमी. मग पहिल्या दिवसासाठी अष्टमी उत्तम? ओढीच्या दृष्टीने हो, पण अष्टमीला भरती सकाळी सहाला, म्हणजे पूर्ण सकाळभर ओहोटी. आणि हिवाळ्यात आपल्या किनाऱ्यावर सकाळ शांत असते, दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटतो. म्हणून मला सोयीची वाटते ती द्वादशी-त्रयोदशी. भरती नऊ-पावणेदहाच्या सुमारास. सातला निघा, चढतं पाणी, शांत वारा, आणि भरती पूर्ण व्हायच्या आत परत.

निघण्याआधी धक्क्यावरच

आता आमची यादी. छापून, प्लॅस्टिकमध्ये घालून बोटीत चिकटवली आहे.

१. लाइफ जॅकेट अंगावर. आमची त्या दिवशी बाकाखाली होती. प्रवाहात वाहताना ती शोधून घालणं कठीण जातं, अनुभवाने सांगतो.

२. बोटीच्या मागे पाणी काढायचं भोक असतं, त्याचं बूच लावलंय का.

३. टाकीवरचा स्क्रू उघडा, बल्ब कडक होईपर्यंत दाबलेला.

४. पेट्रोलचे तीन भाग: एक जायला, एक यायला, एक शिल्लक.

५. मशीन बंद करणारी लाल दोरी मनगटाला. चालवणारा पाण्यात पडला तर मशीन तिथेच थांबतं, नाहीतर बोट गोल फिरून त्याच्याच अंगावर येऊ शकते.

६. मशीन चालू झाल्यावर मागून पाण्याची बारीक धार येतेय का. ती थंड करणारी यंत्रणा चालू असल्याची खूण. धार नाही तर लगेच बंद.

७. नांगर, आणि दोर भरपूर. दोर खोलीच्या पाच ते सात पट सोडावा लागतो. कारण नांगर वजनाने धरत नाही, आडवा ओढला गेला की तळात रुततो. दोर कमी असेल तर तो वर उचलला जातो आणि घसरतो. आमचं तेच झालं. दोराचं दुसरं टोक बोटीला बांधलंय का, तेही बघा.

८. दोन वल्ही, आणि पाण्यापासून जपलेला चार्ज फोन. तटरक्षक दलाचा नंबर १५५४. सागरी पोलिसांचा १०९३.

९. किनाऱ्यावर एका माणसाला सांगून जा: कुठे चाललोय, किती वाजता येणार, नाही आलो तर काय करायचं.

चालवण्याबद्दल थोडंसं

बोटीला ब्रेक नसतो आणि ती मागून वळते. गाडीत पुढचा भाग वळतो, बोटीत मागचा भाग बाहेर फेकला जातो. धक्क्यापासून निघताना एकदम वळवलं की मागची बाजू धक्क्यावर आपटते. हँडलवाल्या मशीनला हँडल उजवीकडे ढकललं की बोट डावीकडे जाते. पहिल्या दहा मिनिटांत मेंदू गोंधळतो, म्हणून मोकळ्या पाण्यात हळू चालवून हात बसवून घ्या.

धक्क्याला लागताना बोटीचं तोंड प्रवाहाकडे हवं. मग पाणीच ब्रेकचं काम करतं. पाण्याबरोबर घरी आलात, तर धक्का ओलांडून पुढे जा, वळा, आणि प्रवाहाच्या विरुद्ध हळूहळू या. आणि कोणी पोहत असेल तर मशीन बंदच.

पुढे

दहा दिवसांनी, वद्य त्रयोदशीला सकाळी सातला परत गेलो. या वेळी मामा सोबत होता. खाडीवर धुकं होतं, पाणी चढत होतं. संगमाच्या अलीकडे, लाटा दिसतील इतक्या अंतरावर मामाने मला मशीन बंद करायला सांगितलं. मी बंद केलं. काही न बोलता आम्ही बसून राहिलो, आणि बोट सावकाश, आपली आपण घराकडे निघाली. मामाने तेवढ्यात विडी पेटवली.

तुमच्याकडे बोटीचे अनुभव असतील, किंवा तुमच्या गावात भरती-ओहोटीचा वेगळा काही हिशेब असेल, तर नक्की लिहून पाठवा. पुढच्या भागात भेटूच. तोवर काळजी घ्या, आणि झाकणावरचा स्क्रू तेवढा बघा!