विजयदुर्गावरची भागीदारी

देवगड तालुक्यात वाघोटणची खाडी समुद्राला मिळते, तिथे विजयदुर्ग उभा आहे. १२ फेब्रुवारी १७५६ रोजी या किल्ल्याच्या आडोशाला तुळाजी आंग्रे यांचं आरमार नांगरलेलं होतं. सगळी तरांडी एकमेकांना दोरांनी बांधलेली. इंग्रजांचा एक पेटता गोळा ‘रिस्टोरेशन’ या जहाजावर पडला. हे जहाज तुळाजींनी इंग्रजांकडूनच जिंकून आणलं होतं. तिथून आग गुराबांवर गेली, गुराबांवरून गलबतांवर. कान्होजींनी उभं केलेलं आणि मुलांनी वाढवलेलं आरमार एका दिवसात जळून गेलं.

ही आग लावणारे एकटे नव्हते. समुद्राकडून ईस्ट इंडिया कंपनीची आणि इंग्लंडच्या राजाची जहाजं होती, तर जमिनीकडून पेशव्यांची फौज. आज बातम्यांमध्ये ‘बहुराष्ट्रीय फौजा’ हा शब्द येतो तेव्हा डोळ्यांसमोर इराक नाही तर अफगाणिस्तान येतं. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याने तसली संयुक्त मोहीम पावणेतीनशे वर्षांपूर्वी पाहिली आहे.

अशा मोहिमेत प्रत्येक जण आपापल्या कारणाने उतरतो. नानासाहेब पेशव्यांना तुळाजी जुमानत नव्हते आणि खंडणीही देत नव्हते. वाडीच्या सावंतांशी त्यांचं वैर होतं, आणि सख्खे नसले तरी घरचेच असलेले कुलाब्याचे मानाजी आंग्रे पेशव्यांच्या बाजूला होते. कंपनीला मुंबई ते मलबार हा व्यापाराचा रस्ता मोकळा हवा होता. आंग्र्यांचं दस्तक न घेता फिरणारं जहाज पकडलं जाई, हे तिचं जुनं दुखणं. पेशव्यांना शिरजोर सरदार मोडायचा होता, कंपनीला समुद्रावरचा प्रतिस्पर्धी. शत्रू एक असला तरी हेतू एक नव्हता, आणि पुढचं सगळं या फरकातून घडलं.

करार मात्र झाला. १९ मार्च १७५५ रोजी पेशव्यांचे कोकणचे सरसुभेदार रामाजी महादेव आणि मुंबईचे गव्हर्नर रिचर्ड बौर्शिए यांच्यात कलमं ठरली. समुद्रावरची कामगिरी इंग्रजांच्या हुकमाखाली, पकडलेली जहाजं दोघांत वाटून घ्यायची आणि बाणकोटचा किल्ला काही गावांसह कंपनीला द्यायचा. असं आधी लिहून घेण्यामागे अनुभव होता. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून अलिबागच्या कुलाब्यावर चालून गेले होते. माणसं हजारोंनी होती, पण एकवाक्यता नव्हती. इंग्रज नौदलाचा प्रमुख मॅथ्यूज पोर्तुगीज सेनानीवरच छडी घेऊन धावला. बाजीरावांचे घोडेस्वार आंग्र्यांच्या मदतीला आले, पोर्तुगीजांनी वेगळा तह करून टाकला आणि इंग्रज हात हलवत परतले.

१७५५ च्या एप्रिलमध्ये कमोडोर विल्यम जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला. विजयदुर्गासाठी मात्र मोठं बळ हवं होतं, आणि ते योगायोगाने मुंबईत हजर होतं. रॉबर्ट क्लाइव्हला फौज देऊन पाठवलं होतं दख्खनमधल्या फ्रेंचांविरुद्ध. तोवर इंग्रज आणि फ्रेंच यांच्यात तात्पुरता समझोता झाला आणि ती फौज रिकामी राहिली. अ‍ॅडमिरल वॉटसनचं आरमारही मुंबईत होतं. मोहिमेत कोण किती वाटा उचलणार, हे निष्ठेइतकंच त्या घडीला हाताशी काय आहे यावरही ठरतं. १९९१ च्या आखाती युद्धात जपान आणि जर्मनीने लढाऊ तुकड्या पाठवल्या नाहीत, अब्जावधी डॉलर दिले. कोणी विमानतळ वापरू देतं, कोणी इंधन, कोणी फिरतं रुग्णालय.

मुंबईहून निघण्यापूर्वी इंग्रज अधिकारी एकत्र बसले आणि लुटीतले हिस्से ठरवले. नौदलाला किती, लष्कराला किती, क्लाइव्हला कोणाच्या बरोबरीने, यावरून रुसवेफुगवेही झाले. पेशव्यांच्या हिश्शाचा विचार त्या बैठकीत नव्हता. किल्ला पडण्याआधीच भागीदाराला वाटणीतून वगळलं गेलं होतं.

तुळाजी तहाच्या बोलण्यासाठी मराठ्यांच्या छावणीत गेले होते. किल्ला पेशव्यांच्या हाती जाणार, हे इंग्रजांनी ओळखलं. आरमार जळालं त्याच रात्री क्लाइव्ह फौजेसह किनाऱ्यावर उतरला आणि किल्ला व मराठ्यांची छावणी यांच्या मधोमध तळ ठोकून बसला. आता त्याची नजर शत्रूइतकीच दोस्तावर होती. १३ फेब्रुवारीला किल्ला शरण आला, निशाण चढलं ते इंग्रजांचं. सुमारे दहा लाख रुपयांची रोकड इंग्रजांनी आपसांत वाटून घेतली. तुळाजी पेशव्यांच्या कैदेत पडले, ते अखेरपर्यंत सुटले नाहीत.

ठरल्याप्रमाणे किल्ला परत मिळावा म्हणून पेशव्यांना महिनोन् महिने तगादा लावावा लागला. १२ ऑक्टोबर १७५६ च्या पुण्याच्या तहानंतर विजयदुर्ग मिळाला. बदल्यात बाणकोट दहा गावांसह कायमचं गेलं आणि डचांना मराठी मुलखात व्यापारबंदी करावी लागली. नानासाहेबांची तक्रार खरी होती, पण स्वतःच्या मुलखाचं आरमार परक्याच्या तोफांनी मोडवून घेण्याचा निर्णयही त्यांचाच होता. ही चूक कोकणाला फार महाग पडली.

दुसऱ्याच्या हुकमाखाली फौज द्यायची की नाही, हा प्रश्न स्वतंत्र भारतापुढेही आला. २००३ मध्ये अमेरिकेने इराकसाठी सैन्य मागितलं, तेव्हा संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश नसल्याने वाजपेयी सरकारने नकार दिला. संयुक्त राष्ट्रांच्या निळ्या शिरस्त्राणाखाली मात्र भारतीय जवान काँगोपासून लेबनॉनपर्यंत गेले. तिथे प्रत्येक सैनिकामागे ठरलेली रक्कम संयुक्त राष्ट्रांकडून देशाला मिळते. २००८ च्या ऑक्टोबरपासून एडनच्या आखातात चाच्यांविरुद्ध आपल्या युद्धनौका गस्त घालू लागल्या, त्याही परक्या आघाडीच्या हुकमाखाली न जाता, इतर नौदलांशी माहितीची देवाणघेवाण करत.

विजयदुर्गाचं आरमार पुढे पेशव्यांच्या वतीने आनंदराव धुळपांनी पुन्हा उभं केलं. १७८३ साली त्यांनी कंपनीचं ‘रेंजर’ जहाज पकडलं. पण मधल्या काळात, १७६५ मध्ये, कंपनीची जहाजं मालवणच्या बंदरात शिरली. करवीरकरांच्या ताब्यातला सिंधुदुर्ग त्यांनी घेतला आणि शिवरायांनी बांधलेल्या त्या किल्ल्याला ‘फोर्ट ऑगस्टस’ असं नाव दिलं. या वेळी कंपनीला कोणाच्या भागीदारीची गरज पडली नाही.