यादीत नाही, तरी शाबूत

हाटकेशमधील एखाद्या झेरॉक्सच्या दुकानात अर्ज छापण्यास दिलेला पेनड्राइव्ह विंडोजच्या संगणकास जोडल्यावर ‘डिर’ ही आज्ञा एकही फाइल दाखवीत नसेल, तर मजकूर नष्ट झाला असे गृहीत धरून पेनड्राइव्ह फॉरमॅट करणे हा घातक उतावळेपणा होय. कारण व्हायरस पुष्कळदा फाइली पुसत नाही, त्यांच्या नोंदींवर केवळ ‘गुप्त’ व ‘सिस्टिम’ असे शिक्के मारतो, आणि अशा नोंदी साधी ‘डिर’ वगळते. ‘डिर /ए’ लिहिताच त्या यादीत हजर होतात. ‘अ‍ॅट्रिब -एस -एच’ या आज्ञेपुढे फाइलीचे नाव लिहिल्यास ते शिक्के उतरतात. प्रथम तपास, मग व्हायरसचा बंदोबस्त व दस्तऐवजांची नक्कल, आणि अगदी अखेरीस फॉरमॅट, हाच क्रम वाचकांनी कटाक्षाने पाळावा.