भाग ७ : तीस सेकंदांत माणूस कसा काढायचा?

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला. “सर, आता सगळं ॲनिमेशन कॉम्प्युटरवर होतं. मग लाईफ ड्रॉइंगच्या क्लासला पैसे कशाला घालायचे?” प्रश्न रास्त आहे. “चित्रं काढून पोट भरणार का?” असं घरी रोज ऐकणाऱ्या मुलाला प्रत्येक फी विचार करूनच भरावी लागते. म्हणून आज नीट हिशेब मांडू.

लाईफ ड्रॉइंग म्हणजे समोरच्या जिवंत माणसाला बघून चित्र काढणं. ॲनिमेशनवाल्यांच्या वर्गात मॉडेल आधी तीस सेकंदांच्या पोज देतो, मग दोन मिनिटांच्या, मग पाच आणि शेवटी वीस. तीस सेकंदांत नाक-डोळे काढायला वेळच नसतो. तेवढ्यात डोक्यापासून टाचेपर्यंत जाणारी एक रेघ पकडायची. तिला लाइन ऑफ ॲक्शन म्हणतात. मग बघायचं, भार कुठल्या पायावर आहे? ज्या पायावर भार, त्या बाजूची कंबर वर जाते आणि बहुधा खांदा खाली येतो. आत्ता उभे राहून करून बघा, लगेच कळेल.

आता हिशेब. पडद्यावर सेकंदाला २४ फ्रेम लागतात. एक चित्र दोन फ्रेम वापरलं तरी सेकंदाला १२ चित्रं, म्हणजे दहा मिनिटांच्या फिल्मला ७,२०० चित्रं. यातलं प्रत्येक चित्र सुंदर असलं, पण वजन चुकलं, तर पात्र चालत नाही, तरंगतं. कॉम्प्युटर मधल्या फ्रेम भरून देतो. मुख्य पोज मात्र तुम्हालाच ठरवावी लागते.

हे डिस्नेलाही शिकावं लागलं. १९३२ साली त्यांनी डॉन ग्रॅहम या शिक्षकाला बोलावून स्टुडिओतच चित्रकलेचे वर्ग सुरू केले. पुढे ‘बँबी’च्या वेळी तर हरणाची खरी पाडसं स्टुडिओत आणली होती.

याच स्टुडिओत काम केलेले क्लेअर वीक्स १९५६ साली मुंबईत आले. फिल्म्स डिव्हिजनचा कार्टून विभाग उभा राहत होता आणि इथल्या कलाकारांना शिकवायला त्यांना बोलावलं होतं. त्यांचा जन्म भारतातलाच, आणि ‘बँबी’वरही त्यांनी काम केलेलं. इथे त्यांच्या मार्गदर्शनाखाली झालेली फिल्म कुठली? ‘द बनियन डीअर’, १९५७. जातककथेतली. गाभण हरिणीऐवजी हरणांचा राजा स्वतः मरायला पुढे येतो. आता सांगा, भ्यालेली हरीण कशी उभी राहते आणि मरायला तयार झालेला राजा कसा, हे बघितल्याशिवाय काढता येईल?

त्या विभागात राम मोहन होते. मद्रास विद्यापीठातून रसायनशास्त्र शिकलेला तरुण. वीक्स परत गेले, पण राम मोहन या कामातच राहिले. १९७२ साली त्यांनी स्वतःची संस्था काढली, जपानच्या युगो साको यांच्याबरोबर रामायणावर चित्रपट केला. २००६ साली ते ग्राफिटीच्या ॲनिमेशन शाळेतून पुढच्या मुलांना शिकवायला लागले. २०१४ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१९ मध्ये ते गेले. वीक्स इथे फार वर्षं नव्हते, पण तेवढ्या काळात हातात आलेली विद्या साठ वर्षं पुरली.

मुरलेल्या ॲनिमेटरकडून नेमकं काय मिळतं? तो तुमच्या चित्रावर पातळ कागद ठेवतो आणि एक रेघ मारतो. बस. काय चुकलं ते दिसतं. डिस्नेचे वॉल्ट स्टँचफील्ड शिकवायचे की नाम नको, क्रियापद काढा. ‘हमाल’ काढू नका, ‘उचलणं’ काढा. ही गोष्ट व्हिडिओ बघून कळते, पण हातात येत नाही. त्यासाठी चुकीच्या जागी बोट ठेवणारं माणूस लागतं.

एक महत्त्वाचं. मॉडेल म्हणजे वस्तू नव्हे. वर्गात मोबाईल बंद, फोटो नाही, शेरेबाजी नाही. एकच पोज वीस मिनिटं धरणं कष्टाचं काम असतं.

फी परवडत नसेल तर? एसटी स्टँडवर जा, भाजी मंडईत बसा. छोटी वही, पेन, रबर नको. रोज वीस चित्रं, प्रत्येकी तीस सेकंद. दहाच मिनिटं लागतात. महिन्याने वही उघडा आणि पहिलं पान शेवटच्या पानाशेजारी धरा. क्लास लावायचा की नाही, याचं उत्तर तिथेच मिळेल.