वीर, शृंगार आणि त्यांचे आभास : शॉ यांचे 'आर्म्स अँड द मॅन'

जॉर्ज बर्नार्ड शॉ यांचे 'आर्म्स अँड द मॅन' हे नाटक २१ एप्रिल १८९४ रोजी लंडनच्या अ‍ॅव्हेन्यू थिएटरमध्ये प्रथम रंगभूमीवर आले. शीर्षक व्हर्जिलच्या 'ईनिड' या महाकाव्याच्या ड्रायडनकृत अनुवादाच्या प्रारंभावरून घेतलेले आहे. पार्श्वभूमी मात्र १८८५ च्या सर्बिया-बल्गेरिया युद्धाची आहे. या विजोड सांगडीतच उपहासाचे बीज आहे.

सर्जियसची घोडदळाची चढाई यशस्वी होते ती शत्रूकडे चुकीचा दारूगोळा आल्यामुळे. सर्बियाच्या बाजूने लढणारा स्विस भाडोत्री सैनिक ब्लुंट्श्ली काडतुसांऐवजी चॉकलेट बाळगतो. राईनाशी उदात्त प्रेमाची भाषा बोलणारा सर्जियस तिची पाठ वळताच दासी लूकाशी लगट करू लागतो. कोणत्याही रसाचा आभास हास्याला कारण होतो, हे अभिनवगुप्ताचे मत येथे वीर आणि शृंगार या दोन्ही रसांच्या बाबतीत पडताळून पाहता येते.

तथापि, शॉ एक पाऊल पुढे जातात. रसाभासाच्या मुळाशी अनौचित्य असते, असे संस्कृत साहित्यशास्त्र मानते; शॉ त्या अनौचित्याचा उगमही दाखवितात. आपल्या वीरकल्पना बायरन व पुश्किन यांच्या वाचनातून आणि बुखारेस्टमध्ये पाहिलेल्या ऑपेरांतून तर आल्या नसतील ना, अशी शंका पहिल्याच अंकात राईनाच्या मनात डोकावते. आभास हा केवळ व्यक्तीचा दोष राहत नाही. तो वाङ्मयीन संस्कार ठरतो.

म्हणूनच या नाटकाला केवळ वास्तववादाचा विजय म्हणणे अपुरे ठरते. आपला स्वभाव मुळातच स्वप्नाळू असल्याची कबुली अखेरीस ब्लुंट्श्लीच देतो. तेवीस वर्षांच्या राईनाला तो सतरा वर्षांची समजत आलेला असतो. तिला मागणी घालताना तो वारशाने मिळालेल्या हॉटेलांतील मालमत्तेची जंत्री वाचतो. चादरी-ब्लँकेटांच्या ९,६०० जोड्याही तीत येतात. महाकाव्यातील सैन्याच्या व जहाजांच्या याद्यांचेच हे व्यावहारिक रूपांतर होय. स्वप्नाळूपणाबरोबर हिशेबीपणाही येथे हास्यास्पद ठरतो.

पुढे १९०८ मध्ये व्हिएन्नात ऑस्कर स्ट्राउस यांनी याच कथेवर लोकप्रिय ऑपेरेटा रचली. ज्या संगीतमय स्वप्नसृष्टीवर नाटकाने बोट ठेवले होते, तिनेच त्याला पोटात घेतले. वाङ्मयीन संस्काराची चिवटता सिद्ध करणारा याहून बोलका पुरावा क्वचितच सापडेल.