उतरण्याआधी मोजा : बंद टाक्यांतले वायू, खिशातलं मीटर आणि काही घातक गैरसमज

९ एप्रिल २०२४, गुढीपाडवा. त्या दिवशी विरारमध्ये सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या टाकीत चार कामगार गुदमरून दगावले. त्याच दिवशी नेवासे तालुक्यातल्या वाकडी गावात शेणाच्या स्लरीने भरलेल्या जुन्या विहिरीत मांजर पडलं. ते काढायला एक जण उतरला, त्याला वाचवायला दुसरा, मग तिसरा. पाच जणांचा जीव गेला. पुढच्या वर्षी ९ मार्चला मुंबईत नागपाड्याला बांधकाम चालू असलेल्या इमारतीची पाण्याची टाकी साफ करताना चार कामगार गेले.

बंद टाकीतला असा धोका डोळ्यांना दिसत नाही. तो दाखवणारं तळहाताएवढं यंत्र बाजारात मिळतं. ऑक्सिजन, ज्वलनशील वायू, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड या चारही गोष्टी ते एकाच वेळी मोजतं. मीरा रोडच्या पेणकरपाड्यासारख्या ठिकाणी, जिथे कारखान्यांचे गाळे, चाळी आणि सोसायट्या एकमेकांना खेटून आहेत, तिथे हे यंत्र काय करू शकतं आणि काय करू शकत नाही, हे सेक्रेटरी, सुपरवायझर आणि ठेकेदार या तिघांनाही माहीत असायला हवं. टाकी साफ करायचा निर्णय ते घेतात. आत उतरणारा माणूस वेगळा असतो.

गैरसमज १ : वायू असेल तर वास येईलच.

वस्तुस्थिती : हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास असतो आणि हवेत तो अगदी नाममात्र असला तरी नाकाला कळतो. पण त्याचं प्रमाण दहा लाख भागांत १०० भागांच्या, म्हणजे १०० पीपीएमच्या आसपास गेलं की वास ओळखणारी नस बधिर होते. वास थांबतो, माणसाला वाटतं वायू निघून गेला, आणि धोका नेमका तिथेच सुरू होतो. ५०० पीपीएमच्या पुढे शुद्ध हरपू शकते. १००० च्या आसपास काही श्वासांत मृत्यू येऊ शकतो. मिथेन, कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजन यांना तर वासच नसतो. घरच्या सिलिंडरचा ओळखीचा वाससुद्धा गॅसचा नाही. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन मुद्दाम मिसळलेलं असतं.

गैरसमज २ : वायू गटारात असतो, पाण्याच्या टाकीत कसला?

वस्तुस्थिती : माणूस मरायला विषारी वायूच लागतो असं नाही, ऑक्सिजन कमी पडला तरी पुरतं. मोकळ्या हवेत तो २०.९ टक्के असतो. १९.५ टक्क्यांखाली गेला की मीटर ओरडतं. १० टक्क्यांच्या खाली माणूस बेशुद्ध पडतो, आणि तेही धाप न लागता, कारण गुदमरल्याची जाणीव शरीराला मुख्यतः कार्बन डायऑक्साइड साचल्यामुळे होते, ऑक्सिजन घटल्यामुळे नव्हे. बंद टाकीत लोखंड गंजताना, राहून गेलेल्या फळ्या कुजताना ऑक्सिजन खर्च होतो. वॉटरप्रूफिंगच्या रसायनांची वाफही तिथेच कोंडून राहते.

गैरसमज ३ : मेणबत्ती किंवा कंदील सोडून पाहिला की झालं.

वस्तुस्थिती : ही पद्धत सर्वांत घातक. हवेत मिथेन ५ ते १५ टक्के असेल तर त्या ज्योतीनेच स्फोट होईल. आणि ज्योत शांतपणे जळत राहिली, तरी माणसाला मारण्याइतका हायड्रोजन सल्फाइड तिथे असू शकतो. तो ज्योतीला विझवत नाही.

गैरसमज ४ : झाकण उघडं ठेवलं, एकदा मोजलं, आता दिवसभर काम करा.

वस्तुस्थिती : मिथेन हवेपेक्षा हलका, तो वर साचतो, हायड्रोजन सल्फाइड जड, तो तळाशी बसतो. म्हणून तोंडाशी धरलेलं मीटर अर्धंच सांगतं. नळी लावलेल्या पंपाने वर, मध्ये आणि तळाशी अशी तीनदा हवा ओढून मोजावी लागते. क्रमही ठरलेला आहे : आधी ऑक्सिजन, मग ज्वलनशील वायू, मग विषारी. कारण ज्वलनशील वायू मोजणाऱ्या नेहमीच्या सेन्सरला स्वतःलाच ऑक्सिजन लागतो. तो कमी असेल तर आकडा फसवा येतो. शिवाय गाळात विरघळलेला वायू फावडं मारताच एकदम उसळतो. त्यामुळे काम चालू असेपर्यंत मीटरही चालूच हवं.

गैरसमज ५ : सेन्सर तो सेन्सर, स्वस्तातला लावला तरी तेच.

वस्तुस्थिती : काही शे रुपयांत मिळणाऱ्या सेन्सरमध्ये बहुतेकदा टिन ऑक्साइड असतं. तापवलेल्या टिन ऑक्साइडवर ऑक्सिजन चिकटतो आणि त्यातले इलेक्ट्रॉन धरून ठेवतो. वायू आला की ते सुटतात आणि विद्युतरोध बदलतो. कल्पना सुंदर, पण असा सेन्सर अल्कोहोलच्या वाफेलाही दाद देतो, आणि पावसाळ्यातल्या दमट हवेत त्याचे आकडे सरकतात. कॉलेजच्या प्रकल्पाला तो ठीक, माणसाच्या जिवाला नाही. कामाच्या मीटरमध्ये विषारी वायूंसाठी विद्युतरासायनिक सेन्सर असतो : वायू पडद्यातून आत झिरपतो, इलेक्ट्रोडवर त्याची क्रिया होते आणि प्रमाणानुसार वीज वाहते. तोही दोन-तीन वर्षांत थकतो. म्हणून वापरण्याआधी माहीत असलेल्या प्रमाणाचा वायू देऊन तो जागा आहे का, हे तपासतात.

नेमका एकच वायू ओळखणारा, लहान आणि टिकाऊ सेन्सर बनवणं हेच या क्षेत्रातलं खरं अवघड काम. भाभा अणुसंशोधन केंद्रात टिन ऑक्साइडला कॉपर ऑक्साइडची जोड देऊन हायड्रोजन सल्फाइडसाठी सेन्सर विकसित झाले. त्यांची गरज आहेच, कारण जड पाण्याच्या काही कारखान्यांत हा वायू मोठ्या प्रमाणात वापरतात. आयआयटी मुंबईत जन्मलेल्या नॅनोस्निफ कंपनीने २०२१ मध्ये स्फोटकांचे सूक्ष्म अंश काही सेकंदांत ओळखणारं यंत्र आणलं. आपल्या शेजारी एवढं ज्ञान असताना साध्या चार वायूंच्या मीटरवाचून माणसं मरावीत, याचं दुःख जास्त होतं.

गैरसमज ६ : मीटर हिरवं दाखवतंय म्हणजे रोगजंतूही नाहीत.

वस्तुस्थिती : वायूचं मीटर जंतू पाहूच शकत नाही. वायूचे रेणू आपणहून सेन्सरवर येऊन आदळतात. जंतू ओळखायचा तर नमुना घ्या, त्यातली जनुकं वेगळी करा, त्यांच्या असंख्य प्रती काढा, असा प्रवास करावा लागतो. गोव्याच्या मोलबायो कंपनीचं बॅटरीवर चालणारं ट्रूनॅट हे क्षयरोगासाठीचं यंत्र जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये मान्य केलं. ते खेड्यातल्या दवाखान्यातही चालतं, तरी थुंकीचा नमुना आणि साधारण तासभराचा वेळ त्यालाही लागतोच. हवेत धरताच सगळे जंतू सांगणारं यंत्र आज नाही. म्हणून लेप्टोस्पायरोसिस आणि काविळीपासून सफाई कामगाराचं रक्षण गमबूट, हातमोजे, लसी आणि वेळेवरचे उपचार यांनीच होतं.

गैरसमज ७ : मीटर घेतलं, आता माणूस उतरवायला हरकत नाही.

वस्तुस्थिती : मीटर परवाना देत नाही. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने सुरक्षासाधनांशिवाय गटार किंवा मलटाकीत माणूस उतरवणं हा गुन्हा आहे. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गटारात मृत्यू झाल्यास ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ रोजी सांगितलं. पहिला पर्याय यंत्राने उपसा हाच. माणूस उतरवण्यावाचून गत्यंतर नसेल, तर हवा खेळवणारा पंखा, कमरेला दोर, बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा आणि वर सतत लक्ष ठेवणारा माणूस हवाच. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा एन-९५ मास्क धूळ अडवतो, वायू नाही. वाकडीच्या विहिरीत उतरलेल्यांपैकी जो एक वाचला, त्याच्या कमरेला दोर होता.

सोसायट्यांनी आणि गाळेधारकांनी एवढं करावं : सफाईच्या करारात यंत्राने उपसा आणि चार वायूंचं तपासलेलं मीटर या अटी घालाव्यात, आकडे वहीत लिहून घ्यावेत, आणि कोणी आत कोसळलं तर मागे न उतरता १०१ ला फोन करावा. मीटर नसेल त्या दिवशी झाकण उघडूच नये.