मोडीत देण्याआधी चमचा उलटा करा

काळवंडलेली जुनी चांदी आपल्याकडे एक तर रांगोळीने खसखसून घासली जाते, नाहीतर सराफाकडे मोडीत जाते. कधी त्यात एखादा साहेबी चमचाही असतो. चिपळूणच्या परिसरात तो निघाला तर नवल नाही. शेजारच्या दापोलीत इंग्रजांची छावणी होती, ‘कॅम्प दापोली’ हे नाव तिचेच.

असा चमचा हाती आला की उलटा करून दांड्यावरचे शिक्के भिंगातून पाहावेत. एक पंजा उचलून चालणारा सिंह म्हणजे ९२.५ टक्के चांदी. बिबट्याचे तोंड लंडनचे, नांगर बर्मिंगहॅमचा. जहाजाचा नांगर बरं का, शेतातला नव्हे! जुन्या शेफिल्डचा शिक्का मुकुटाचा. राजाराणीचे मुखवटे कर भरल्याची खूण. ते १७८४ ते १८९० एवढ्याच काळात उमटले. शिवाय कारागिराची आद्याक्षरे आणि वर्षाचे एक अक्षर. हे अक्षर दरवर्षी बदले. लंडनमध्ये वीस अक्षरे संपली की लिपीचे वळण बदलून पुन्हा ‘ए’पासून सुरुवात. लंडनच्या बिबट्याचा मुकुट १८२१ मध्ये गेला. म्हणजे बिनमुकुटाचा बिबट्या आणि डावीकडे पाहणारी व्हिक्टोरिया राणी एकत्र दिसली, तर तो चमचा तिच्या कारकिर्दीतला, १८९० पर्यंतचा.

फसगत होते ती ‘ईपीएनएस’ला. ही चार अक्षरे वेगवेगळ्या चौकटींत अशी ऐटीत बसवतात की शिक्केच वाटावेत. प्रत्यक्षात आत तांबे, निकेल, जस्त; वर चांदीचा नुसता मुलामा. बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनी १८४० मध्ये या विजेच्या मुलाम्याचे पेटंट घेतले.

खऱ्या चमच्याचेही टोक तपासावे. उजव्या हाताने ढवळून ढवळून ते डावीकडे झिजते. दांड्यावर बोट फिरवताना एखादी जागा पातळ लागली, तर जुन्या मालकाची अक्षरे तिथून घासून काढलेली असतात. संग्राहक असा चमचा बाजूला ठेवतो.

मात्र लॉटरी लागली असे समजू नका. व्हिक्टोरियाकाळातल्या सुट्या चमच्याला बहुधा चांदीच्या भावाहून फार जास्त मिळत नाही. पूर्ण संच किंवा त्याआधीचे काम असेल तरच मोल चढते. घासून शिक्का पुसला तर तेही गेले. चमचा पुराच्या पाण्यात सापडला असेल, तर त्यावरच्या गाळात वाळू असते, म्हणून आधी भरपूर पाण्याने धुवा, मग मऊ फडक्याने पुसा.

आणि चमचा शंभर वर्षांहून जुना असेल, तर परदेशातल्या लेकीकडे पाठवण्याआधी १९७२ चा पुरावशेष कायदा पाहा. अशी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही.