वेढ्यातले खरेदीखत

जमीन घ्यायची तर माणूस आधी सातबारा बघतो, मग पाणी, मग वाट. इसवी सनापूर्वी 587 च्या सुमारास यरुशलेमेत एकाने शेत विकत घेतले, तेव्हा बघण्यासारखे काही उरलेच नव्हते. बाबेलचा राजा नबुखद्रेस्सर याच्या सैन्याने शहराला वेढा घातला होता. तटाला भिडणारे मातीचे ढीग रोज उंच होत होते. शहरातले धान्य संपत आले होते. शेत होते अनाथोथ गावात, शहराच्या ईशान्येला सुमारे पाच किलोमीटरवर, म्हणजे वेढ्याच्या पलीकडे. आणि घेणारा स्वतः पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत होता.

हा यिर्मया संदेष्टा. शहर पडणार, असे उघड सांगत राहिल्याबद्दल राजा सिद्कीयाने त्याला कोंडले होते. त्या जमिनीला उद्या कोणी विचारणार नाही, हे शहरात सर्वांत पक्के ज्याला ठाऊक होते, तोच ती घ्यायला तयार झाला!

त्याच्या पुस्तकाच्या 32 व्या अध्यायात हा व्यवहार इतक्या बारकाईने नोंदवला आहे की वाचताना आपण निबंधकाच्या कचेरीत बसल्यासारखे वाटते. चुलतभाऊ हनमेल कैदेत येऊन म्हणतो, शेत घे, सोडवून घेण्याचा हक्क तुझा आहे. वडिलोपार्जित जमीन घराबाहेर जाऊ नये म्हणून जवळच्या नातलगाने ती घ्यावी, अशी इस्राएलात रीत होती. किंमत ठरते 17 शेकेल चांदी. यहूदात तेव्हा नाणी चालत नव्हती, चांदी तराजूत तोलून द्यायची. उत्खननात सापडलेल्या दगडी वजनांवरून एक शेकेल 11 ग्रॅमच्या थोडा वर भरतो. म्हणजे सुमारे 190 ग्रॅम चांदी, ओंजळीत सहज मावेल एवढी.

मग खत लिहिले जाते, साक्षीदार सह्या करतात, मोहोर लागते. एक प्रत मोहोरबंद, एक उघडी. ही पद्धत त्या भागात पुढे शतकानुशतके टिकली. मजकूर दोनदा लिहायचा. एक भाग गुंडाळून, दोऱ्याने बांधून ठेवायचा, दुसरा रोजच्या वाचनासाठी उघडा. तंटा झाला तर बांधलेला भाग फोडून ताडून बघायचा. मृत समुद्राजवळच्या एका गुहेत 1961 मध्ये बाबाथा नावाच्या स्त्रीची कागदपत्रे मिळाली. तिच्या खजुराच्या बागांच्या त्या दप्तरात अशी दुहेरी खते आहेत, आणि ती यिर्मयाच्या नंतर सुमारे 700 वर्षांची आहेत.

यिर्मया दोन्ही प्रती आपला लेखक बारूख याच्या हाती देतो आणि सांगतो, मातीच्या भांड्यात ठेव, पुष्कळ दिवस टिकल्या पाहिजेत. कुमरानच्या गुहांतल्या काही गुंडाळ्या अशाच मातीच्या रांजणांत सुमारे दोन हजार वर्षे राहिल्या, हे आठवले की त्या सांगण्यातला व्यवहारीपणा कळतो. शेत घ्यायला सांगणाऱ्या देवाने त्याला अभिवचन दिले होते की या देशात पुन्हा घरे, शेते, द्राक्षमळे विकत घेतले जातील. यिर्मयाने ते ऐकून नुसती मान डोलावली नाही. त्याने चांदी मोजली.

मला सर्वांत भिडते ते यानंतरचे. खत झाल्यावर यिर्मया प्रार्थनेला बसतो, आणि त्या प्रार्थनेत गोंधळ आहे. आकाश आणि पृथ्वी निर्माण करणाऱ्याला अशक्य काय, असे तो म्हणतो. आणि पुढे विचारतो, शहर तर शत्रूच्या हाती चालले आहे, मग तू मला शेत घ्यायला का सांगितलेस? संकटात देवावर भरवसा म्हणजे मनात शंकाच नसणे, असे समजून कितीतरी भाविक स्वतःला दोष देत राहतात. बायबलमधला हा संदेष्टा आधी आज्ञा पाळतो, मग प्रश्न विचारतो, आणि देव त्या प्रश्नाबद्दल त्याला रागावत नाही.

उत्तर मात्र सोपे नव्हते. देवाने वेढा उठवला नाही. शहर पडले, मंदिर जळले, लोकांना पाडाव करून बाबेलला नेले. त्याआधीच बंदिवासात गेलेल्यांना यिर्मयाने पत्राने कळवले होते: 70 वर्षे लागतील, तोवर तिथे घरे बांधा, बागा लावा. म्हणजे ऐकणाऱ्या बहुतेकांच्या हयातीत ते वचन पुरे होणार नव्हते. स्वतः यिर्मयाला पुढे मिसरात नेले गेले. ते शेत त्याने पिकवल्याचा उल्लेख कुठेही नाही.

1982 मध्ये यरुशलेमेच्या जुन्या भागात, त्याच विध्वंसात जळालेल्या एका घरात, मातीच्या 51 मोहोरा सापडल्या. त्या ज्या कागदांना लावल्या होत्या ते जळून गेले. पण त्याच आगीत कच्ची माती भाजून पक्की झाली आणि वरची नावे आजही वाचता येतात. त्यांतले एक आहे शाफानाचा मुलगा गमऱ्या. याच नावाच्या माणसाच्या खोलीत बारूखाने यिर्मयाची वचने लोकांना वाचून दाखवल्याचे 36 व्या अध्यायात आहे.

यिर्मयाच्या खताचे ते भांडे मात्र कोणाला मिळालेले नाही. पण बाबेल पडले, इराणचा राजा कोरेश याने परतीची परवानगी दिली, आणि एज्राच्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात परत आलेल्यांची गावानुसार यादी आहे. एरवी आपण अशा याद्या ओलांडून पुढे जातो. या वेळी 23 व्या ओळीवर थांबा. तिथे अनाथोथच्या माणसांची गणती आहे: 128.